गाडीचं नाक वर करण्याबद्दल

तीर्थरूप दाजींच्या चरणी,

एकुलत्या एका मेहुण्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग म्हणजे आठ अंगं जमिनीला टेकवायची असतात. सध्या माझी पाठ धरली असल्यामुळे पाच-सहाच टेकतात. उरलेली बरं वाटल्यावर टेकवीन, तोवर उधारी समजावी.) इकडे सर्व ठीक आहे. हे वाक्य पत्राच्या सुरुवातीला लिहायचं असतं म्हणून लिहिलं आहे, पुढे वाचताना त्याचा फार आधार घेऊ नये. तुमच्या मातोश्रींचं खुब्याचं हाड सांधत आलं असेल. त्या तुमच्यावर पूर्वीसारख्या ओरडायला लागल्या असतील तर दुखण्याला उतार पडला असं खुशाल समजा. (उतार हा शब्द लिहिताना माझा हात जरा थांबला. का थांबला ते पुढे येईलच.) त्यांना माझा नमस्कार सांगा आणि मधूनमधून स्वतःही जेवत जा, आईच्या उशाशी बसलं की तुम्हाला तहानभूक राहत नाही, असं ताई म्हणते.

एवढं लांबलचक पत्र कशाला, फोन का नाही केला, असं तुम्ही विचाराल. दाजी, फोनवर तुम्ही नुसतं ‘हं’ म्हणता. माणसाने शिव्या दिल्या तर त्याला उत्तर देता येतं, ‘हं’ला काय उत्तर देणार? तुमचं पहिलं ‘हं’ ऐकलं की मी निम्मं गिळतो आणि दुसऱ्या ‘हं’ला उरलेलं निम्मं बदलून सांगतो. पत्राला ‘हं’ म्हणता येत नाही, निदान मला ऐकू येईल असं म्हणता येत नाही, म्हणून हा मार्ग धरला. तुम्ही निघताना गाडीची किल्ली माझ्या हातात ठेवून जे बोललात ते माझ्या पक्कं लक्षात आहे. डिझेल घाल, हवा बघ, बाकी कशाला हात लावू नकोस, आणि लावलास तर त्या दिवसापासून माझी गाडी वेगळी आणि तुझी फरशी वेगळी. तुम्ही हे हसत म्हणाला नव्हतात. इतकी वर्षं तुम्ही माल आणायचा, मी बसवायचा आणि ताईने गिऱ्हाईक सांभाळायचं असा आपला तिघांचा संसार चालला आहे, त्यातून एक चाक काढलं तर मी काय गोणपाटावर फरश्या ओढत नेणार? तेव्हा पुढचं सगळं मी धाकधूक करत लिहितो आहे, तुम्हीही जरा टेकून बसून वाचा.

दाजी, तुमच्या गाडीचं नाक खाली आहे. म्हणजे होतं. मागचा हौदा उंच आणि पुढचं बॉनेट खाली, काहीतरी पडलंय आणि ती ते शोधते आहे अशी. तुम्ही असताना मला हे कधी खुपलं नाही, कारण तुम्ही असताना गाडीकडे बघायची मुभाच नसते. पण तुम्ही गेल्यावर ती रोज सकाळी अंगणात, फाटकाकडे तोंड करून, माझ्यासमोर उभी. मी चहा पितोय आणि ती वाकलेली. माझी जन्मभराची रोजीरोटी पाणसळीवर चालते. कुणाच्या घरी जेवायला बसलो तरी ताटातलं पाणी कुठल्या बाजूला जातंय हे मी आधी बघतो. (ही सवय वाईट आहे, यजमान दुखावतात.) अशा माणसाने रोज तिरकी गाडी किती दिवस बघावी? शेवटी एका सकाळी मी पाणसळ आणली आणि केबिनच्या दाराखालच्या पट्टीवर ठेवली. बुडबुडा जो मागे पळाला तो मागेच जाऊन बसला. मग पुढून जॅक लावला, बुडबुडा मधोमध येईपर्यंत उचलली आणि किती उचलावी लागली ते मोजलं. चांगली चार बोटं! मी म्हटलं, दाजींच्या गाडीत चार बोटांची खोट आणि ती त्यांना ठाऊकही नाही. तुम्ही परत याल तेव्हा गाडी काचेसारखी सपाट उभी असेल आणि तुम्ही आयुष्यात पहिल्यांदा मला ‘वा’ म्हणाल, असं चित्र माझ्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. हेतू चांगला होता, एवढं तरी मान्य करा.

मग सुट्या भागांच्या दुकानात गेलो. तो दुकानदार म्हणजे एक प्रकरण आहे. गिऱ्हाइकाला काय हवंय हे ऐकण्याआधीच तो मान हलवायला लागतो. त्याने काउंटरवर तीन प्रकार मांडले. पहिला प्रकार म्हणजे नुसती चकती. पुढच्या स्प्रिंगच्या आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या डोक्यावर ती बसवायची की गाडी तेवढी वर. तिच्यात पातळ आणि जाड असे दोन. पातळ चकतीने गाडी दीडेक बोट उचलली जाते, जाड चकतीने चार. दुसरा प्रकार लांब आणि कडक स्प्रिंगा. तिसरा अख्खा नवा शॉक, त्याच्या अंगावर आटे पाडलेले आणि एक कडं. पान्ह्याने कडं फिरवलं की गाडी हवी तेवढी वर, नको तेवढी खाली. दुकानदार म्हणाला, हा तिसरा न्या, माप चुकलं तर परत खाली आणता येतं. दाजी, मला हे लागलं. माप चुकलं तर? मला? मी त्याला स्वच्छ सांगितलं की माझ्या हाताखाली अर्ध्या गावाच्या जमिनी गेल्यात, एकीवरही गोटी आपोआप घरंगळत नाही. त्यावर त्याने विचारलं की माप कुठे घेतलंत. मी म्हटलं, घरी, अंगणात, स्वतःच्या हाताने. त्याने आणखी विचारलं की गाडीवर काय वाहता. म्हटलं, फरशी. मग भरल्यावर मागून बसत असेल ना, असं तो म्हणाला आणि माझ्याकडे बघत राहिला. त्या बघण्यात मला उद्धटपणा दिसला. मी जाड चकत्या उचलल्या आणि बाहेर पडलो.

गॅरेजवाला तर त्याच्याही वरताण. (तुमचा नेहमीचा. तुमचा म्हणूनच मला जरा परका वाटतो.) या माणसाला कुठल्याही गाडीत मरणच दिसतं. चकत्या हातात घेऊन तो म्हणाला की जाड चकतीने चाक खाली लोंबेल, वरच्या दांड्याचा बॉल जॉइंट शेवटच्या टोकाला जाईल, आणि जॉइंट जुना आहे. बॉल जॉइंट म्हणजे, तुम्हाला माहीतच आहे, चाकाला गाडीशी धरून ठेवणारा गोळा, आपल्या खांद्याच्या खोबणीत असतो तसा. पातळ चकती टाका, नाहीतर टाकूच नका, आणि जाडच टाकायची तर जॉइंट बदला, असं त्याचं म्हणणं. मी पाणसळीचं नाव सांगितलं. तो म्हणाला, पाणसळ गाडी चालवते का? अशा माणसाशी वाद घालण्यात अर्थ नसतो. मी म्हटलं, जाडच टाका, जॉइंटचं दाजी आल्यावर बघू. त्याने खांदे उडवले आणि टाकल्या. चाकांची दिशाही लावून दिली, तेवढं मात्र त्याने न सांगता केलं.

गाडी घरी आणून अंगणात उभी केली, पट्टीवर पाणसळ ठेवली, आणि दाजी, बुडबुडा असा मधोमध! मी ताईला हाक मारून दाखवला. ती म्हणाली, छान, आता हे परत कधी काढणार? (तुमच्या बरोबर राहून तिलाही कौतुक करता येईनासं झालं आहे.) पण रस्त्यावर गाडी काढली की निराळाच तमाशा. येणारेजाणारे वळून बघायचे. कोपऱ्यावरचा चांभार म्हणाला, गाडी कुठे उडायला निघाली? संध्याकाळी दिवे लावले तर उजेड रस्त्यावर न पडता समोरच्या घराच्या वरच्या मजल्यावर. तिथल्या वकीलबाई गॅलरीत येऊन कोण आहे, काय पाहिजे असं विचारू लागल्या, आणि मग त्यांनी मला कलमासकट तोंडी नोटीस दिली. मी काय करावं? मी रस्त्याला नावं ठेवली. हा रस्ता खराब, तो रस्ता तिरका, अंगणात या आणि बघा माझी गाडी कशी सपाट आहे ते! नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, मी उलट अंगण सोडून बाकी सगळं गाव वाकडं ठरवलं.

आणि मग ताईने अंगण धुतलं. शाळेच्या सभागृहासाठी फरशी आणायला जायच्या आदल्या दिवशी, उन्हं उतरता उतरता. मी गाडीच्या मागच्या चाकाशी उभा होतो. तिने पायरीवरून बादली ओतली. पाणी माझ्या पायांमधून आलं, गाडीच्या पोटाखालून गेलं, पुढच्या चाकांना वळसा घातला आणि कुठेही न अडता, न रेंगाळता, फाटकाजवळच्या मोरीत जाऊन पडलं. दाजी, हे अंगण मी केलं आहे. घरात पाणी शिरू नये म्हणून फाटकाकडे उतार मीच दिला आहे, सुतात पकडून, आणि तेव्हा तुम्ही म्हणाला होतात की याच्यासारखा उतार कुणाला साधत नाही. मी पाणसळ उचलली आणि जमिनीवर टेकवली. गाडीच्या चार बोटांतली अडीच बोटं माझ्या अंगणाची निघाली! गाडीची स्वतःची दीड. आणि ती दीडही कशासाठी, हे मला तिथेच उभ्या उभ्या कळलं. न्हाणीला उतार ठेवतो तो चूक म्हणून का? पाणी पडणार हे आधी ठाऊक असतं म्हणून. तसा गाडी बनवणाऱ्यांनी हौदा उंच ठेवला, माल पडणार हे त्यांना ठाऊक होतं म्हणून. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. मला इतकी लाज वाटली की मी ताईच्या हातून बादली घेतली आणि उगाच आणखी दोनदा अंगण धुतलं.

आता शहाण्याने काय करावं? गाडी गॅरेजला न्यावी, चकत्या काढाव्यात. पण शाळेच्या मोठ्या बाईंना मी शब्द दिला होता. सोमवारपासून शाळा भरणार, सभागृहाची जमीन उघडी, आणि फरशी टेकडीपलीकडच्या गोदामात. आपण माल वेळेवर नाही नेला तर त्या दुसऱ्या कुणाला तरी बोलावणार होत्या, तसं त्यांनी गोड शब्दांत सांगितलंही होतं. मी स्वतःला म्हटलं, एकच खेप, मग काढू. आणि ताईला काहीही सांगितलं नाही. गोदामात हमालांनी हौदा भरला तसा मागचा भाग खाली बसत गेला आणि बॉनेट वर, वर, आणखी वर. ताई माझ्या शेजारी बसली आणि म्हणाली, पुढे रस्ता आहे की नुसतंच आभाळ? मी हसलो. एकटाच हसलो.

चढावर स्टिअरिंग हातात हलकं लागायला लागलं. म्हणजे मी फिरवतोय, पण गाडी तिच्या मर्जीने, थोडं थांबून वळते आहे. पुढची चाकं जमिनीला जेमतेम टेकून चालली होती. मी गाणं गुणगुणायला लागलो. (घाबरलो की मी गुणगुणतो किंवा विषयांतर करतो, या पत्रात दुसरा प्रकार तुम्ही अनुभवतच आहात.) टेकडीच्या माथ्याजवळच्या वळणावर डाव्या बाजूने आवाज आला. टक्. जरा पुढे गेल्यावर पुन्हा टक्. माझ्या पाठीतून घाम उतरला तो मला उतरताना कळला. गॅरेजवाल्याचं तोंड डोळ्यांपुढे आलं. माथ्यावर थांबावं तर एका बाजूला दरड, दुसऱ्या बाजूला खोल ओढा, मागून दगडांचा ट्रक भोंगा वाजवतोय, आणि हँडब्रेक ओढला तर भरलेली गाडी हळूच सरकते. आणि नेमकं अशा वेळी माझं आणि ताईचं भांडण झालं. काय विषय निघाला कोण जाणे, मी बोलून गेलो की लहानपणापासून आईचा लाडका मीच. तुम्हाला ठाऊक आहे, या वाक्यावर ती आजवर कधी गप्प बसलेली नाही. ती म्हणाली, थांबव गाडी. मी ब्रेकवर उभा राहिलो, ती उतरली, दार असं आपटलं की डावं चाक पुन्हा टक् म्हणालं. आणि गेली चालत. गेली म्हणजे कुठे, माझ्याच पुढे, रस्त्याच्या मधोमध, डोक्याचा रुमाल सोडून हातात घेतलेला, आणि येणाऱ्या प्रत्येकाला हातवारे करून माझी कीर्ती सांगत.

मी पहिल्या गिअरमध्ये तिच्या मागे. माणसाच्या चालीने. तो उतार मी जन्मात विसरणार नाही, दाजी. प्रत्येक वळणाला मी स्टिअरिंग आधी फिरवायचो आणि गाडी वळेपर्यंत श्वास धरायचो. पुढे ताई ओरडत चालली होती. भाजीचा हातगाडीवाला तिचं ऐकून गाडी घेऊन कडेला झाला, सायकलवरचे दोघं उतरून भिंतीला टेकले, रस्ता खणणारी माणसं कुदळी टाकून ओढ्याकडे सरकली. सगळे माझ्याकडे असे बघत होते की बिचारा, कसली बहीण याच्या नशिबी. मी मनात म्हटलं, बाई, घरी जाऊन हवं तेवढं बोल, आत्ता माझी अब्रू राहू दे. पायाला गोळे आले तरी ब्रेकवरून पाय काढायची हिंमत होईना. खाली सपाट रस्ता लागला तेव्हा माझी बोटं स्टिअरिंगवरून सुटत नव्हती.

आणि शाळेच्या फाटकातून आत वळताना, अगदी शेवटच्या वळणावर, डावं चाक आत मुडपलं. गोळा खोबणीतून निसटला. गाडी डाव्या कोपऱ्यावर टेकली आणि घासत थांबली. इतका खटाटोप करून वर केलेलं नाक शेवटी जमिनीला लागलं. मोठ्या बाई धावत आल्या आणि गाडी अशी का बसलीय म्हणून विचारू लागल्या. ताई म्हणाली, तुम्हाला नमस्कार करतेय. फरशी मात्र एक-दोन खोकी सोडून शाबूत आहे आणि सभागृह निम्म्याच्या वर झालं आहे. (पाठ त्यातच धरली.) गॅरेजवाल्याने गाडी उचलून नेली. चकत्या काढल्या, दोन्हीकडचे जॉइंट नवे टाकले. जुना गोळा तेवढा माझ्या हातावर ठेवला. गाडी आता कंपनीतून आली तशी आहे, नाक खाली, हौदा वर. मी रोज तिच्यासमोर चहा पितो आणि मान खाली घालतो.

हे सगळं तुम्ही येऊन बघण्याआधी माझ्या तोंडून, म्हणजे हातून, कळावं म्हणून लिहिलं. गाडी वेगळी आणि फरशी वेगळी करायची का, हे तुम्ही ठरवा. मी हात जोडून एवढंच सांगतो की मला दुसऱ्या कुणी आणलेल्या फरशीवर काम करता येणार नाही. मातोश्रींना पुन्हा नमस्कार.

आपला,
हात लावू नकोस म्हटल्यावर हात लावणारा मेहुणा

ता. क. रविवारी निघणार असाल तर तुम्हाला घ्यायला गाडी आणतो असं मी म्हणालो होतो. ते जमणार नाही. गाडी ठीक आहे, मी ठीक नाही. टेकडीच्या रस्त्यावर मला अजून गाडी घालवत नाही. कृपा करून बसने या आणि लवकर या.

आणखी ता. क. वर जे भांडणाचं लिहिलं ते वाचून माझ्याबद्दल वाईट मत करू नका. विषय आपोआप निघाला नव्हता. मी काढला. उतर म्हटलं असतं तर ती उतरली नसती, ताईला तुम्ही ओळखता, म्हणून जे बोलल्यावर ती नक्की उतरेल ते बोललो. तिला वाटतं मी तिचा अपमान केला. वाटू दे. दोन दिवस बोलत नव्हती, आता बोलते. तुम्ही आलात की ती हा विषय काढेल, तेव्हा तुम्ही तिचीच बाजू घ्या. टक् आवाजाचं मात्र तिला कधी सांगू नका, उगाच मागाहून घाबरेल. हे पत्र खरं म्हणजे एवढ्यासाठीच लिहिलं.

अहो, मी लिहितेय. पाकीट पोस्टात टाकायला त्याने माझ्याकडे दिलं, डिंक नीट लागला नव्हता. तो टक् आवाज मला पहिल्या वेळीच, त्याच्याही आधी, ऐकू आला होता. तो लाडका होता हे मला तो पाळण्यात असल्यापासून माहीत आहे, त्यावरून मी भर रस्त्यात कशाला उतरेन? स्टिअरिंग फिरत होतं आणि गाडी फिरत नव्हती, मी त्याचे हात बघत होते. खेप सोडून दे म्हटलं तर ऐकलं नसतं, शाळेला शब्द दिला होता ना. मग पुढे जाऊन रस्ता तरी मोकळा करावा म्हणून उतरले. ओरडत होते ते सरका, गाडीचा भरवसा नाही एवढंच. सबंध उतार मी मागे वळून बघितलं नाही, बघितलं असतं तर पाय चालले नसते. मला उतरवायची अक्कल त्याला होती, स्वतः उतरायची नव्हती. तुम्ही रविवारी या. गाडी आणि फरशी वेगळी करायचं मनात असेल तर ते तिकडेच ठेवून या. पाकीट मी पुन्हा चिकटवते आहे. मी वाचलं हे त्याला सांगू नका.